गावातल्या सहकारी बँकेत पैसे ठेवावेत की काढून घ्यावेत?

खटखट

नमस्कार मंडळी. आमचा इचलकरंजीत यंत्रमागाचा छोटा कारखाना आहे. वडिलांनी साधे माग चालवले, मी मागच्या काही वर्षांत सेकंडहँड रॅपियर (बिनधोट्याचे वेगवान माग) बसवले. काम मजुरीचं आहे. व्यापारी सूत देतो, आम्ही विणून देतो, पिकाच्या (कापडातल्या आडव्या धाग्यांच्या) हिशेबानं मजुरी ठरते. मजुरीचे पैसे कधी महिन्यात येतात, कधी तीन महिन्यांनी. कामगारांचा पगार आणि विजेचं बिल मात्र थांबत नाही, त्यामुळे सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाचं कर्ज) लागतेच.

रॅपियरसाठी आधी एका मोठ्या बँकेत गेलो होतो. फाईल पुण्याला गेली आणि पुण्याहून नुसते प्रश्न येत राहिले. यंत्र जुनं आहे, मूल्यांकन बसत नाही, बिलं दाखवा, तीन वर्षांचे ताळेबंद आणा. शेवटी गावातल्या नागरी सहकारी बँकेत गेलो. शाखाधिकारी स्वतः शेडवर आले. माग चालू असताना बघितले, जॉबरशी (मागांवर देखरेख करणाऱ्याशी) बोलले, कुठल्या व्यापाऱ्याचं काम आहे ते विचारलं. तो व्यापारी पैसे कसे देतो हे त्यांना आधीच माहीत होतं! मशिनरी तारण, दोन जामीनदार, कर्जातून शेअर्सची रक्कम कापली आणि कर्ज झालं.

आता पुण्यात राहणारी बहीण मागे लागली आहे की वडिलांच्या तिथल्या सगळ्या ठेवी मोडून राष्ट्रीयीकृत बँकेत टाका. माझं मत ठेवाव्यात असं आहे. जी बँक आम्हाला उभं करते तिच्यात आम्हीच पैसे ठेवले नाहीत, तर ती पुढच्या माणसाला कुठून देणार? पण हे भावनेवर सोडण्यासारखं नाही, वडिलांच्या आयुष्याची कमाई आहे. तुमचे अनुभव सांगा, चांगले आणि वाईट दोन्ही.

चौपाटी_भेळ

पीएमसी. एवढंच लिहितो.

पिठलंभाकरी

शाखाधिकारी शेडवर आले म्हणजे चहा झालाच असणार. आमच्याकडे तर कर्ज नाकारायला आले तरी चहा पिऊनच नाकारतात. :)

जुना_वसुलीवाला

खटखट, मी एका नागरी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं वसुलीत. तुमच्या अनुभवात जे घडलं त्यामागे कारणं आहेत, ती सांगतो.

एक म्हणजे मंजुरी गावातच होते. मोठ्या बँकेतला माणूस वाईट नसतो, पण त्याची तीन वर्षांनी बदली होते आणि त्याला कागदावर दिसेल तेवढंच धरून चालावं लागतं. मजुरीवर विणणाऱ्याची खरी कुवत कागदावर फारच थोडी दिसते. आमच्या शाखेतला अधिकारी त्याच गावात वाढलेला असायचा. कुणाचा माग रात्रपाळीलाही चालतो आणि कुणाचा नुसता पंखा फिरतो, हे त्याला रस्त्यावरून जाताना कळायचं.

दुसरं, नियमच तसा आहे. नागरी बँकेच्या कर्जांपैकी किमान निम्मी रक्कम लहान कर्जांत असावी लागते. लहान म्हणजे २५ लाखांपर्यंत, किंवा टियर-१ भांडवलाच्या (बँकेच्या मूळ भांडवलाच्या) ०.४ टक्के, यांतलं जास्त असेल ते, आणि वर ३ कोटींची मर्यादा. शिवाय ६० टक्के कर्ज अग्रक्रमाच्या क्षेत्राला (शेती, लहान उद्योग वगैरे) द्यायचं. म्हणजे लहान माणसाला कर्ज देणं हा या बँकांचा धंदाच आहे, त्यांनी केलेला उपकार नव्हे.

वसुलीबद्दलही सांगतो. हप्ता थकला की नोटीस काढायच्या आधी मी दुकानाकडे चक्कर मारायचो. दुकान बंद दिसलं तर शेजाऱ्याला विचारायचो. घरात दवाखाना असेल तर बोलून हप्ते पुढे सरकवायचो. माणूस मुद्दाम चुकवत असेल तर तेही त्याच चकरेत कळायचं, आणि मग मी जामीनदाराच्या दारात जाऊन बसायचो. जामीनदार बहुतेक मेहुणा किंवा मित्र असतो. गावात त्याच्यासमोर मान खाली घालावी लागणं ही गोष्ट फार जड असते. पैसे यायचे.

गणिती

वसुलीवाले काका, तुमचा प्रतिसाद आवडला, पण त्याची दुसरी बाजू मांडतो. ओळखीवर कर्ज मिळतं तसं ओळखीवर बुडवताही येतं. संचालक गावातला, कर्जदार गावातला, दोघे एकाच पक्षातले, मग 'नाही' म्हणायचं कुणी? रिझर्व्ह बँकेला २००३ साली संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर सरसकट बंदी घालावी लागली, ती उगाच नाही.

पुण्याची रुपी बँक १९१२ची. फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि २०२२ मध्ये परवाना गेला. शंभर वर्षांची ओळख असलेल्या बँकेचे ठेवीदार साडेनऊ वर्षं लटकले होते. पीएमसीत, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत, एकाच बांधकाम समूहाला दिलेलं कर्ज हजारो खोट्या खात्यांच्या आड लपवलं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हमध्ये तर तिजोरीतल्या रोकडीतच १२२ कोटींचा घोळ निघाला.

ठेवीदाराला हे कळणार कसं?

सातारी_कंदी

गणिती, मान्य. पण बुडण्याचा मक्ता सहकारानं घेतलेला नाही. आमच्या साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक १९३६ची, खासगी बँक. साताऱ्यात ती 'आपली बँक' होती, अर्ध्या गावाचे पगार तिथे. २००६ साली तिच्यावर स्थगिती आली आणि ती आयडीबीआयमध्ये गेली. त्याच वर्षी कुरुंदवाडची गणेश बँक फेडरल बँकेत गेली, पुढच्या वर्षी सांगली बँक आयसीआयसीआयमध्ये. दक्षिण महाराष्ट्रातल्या तीन गावांच्या बँका दीड-दोन वर्षांत संपल्या. ठेवी वाचल्या, पण गावाची बँक गेली. येस बँकेवरही मार्च २०२० मध्ये ५०,००० ची मर्यादा आली होती, आणि ती काही कुण्या गल्लीतली बँक नव्हती.

अबोली

मला यावर लिहायचं आहे. बँकेचं नाव लिहीत नाही.

आईला निवृत्तीनंतर मिळालेली रक्कम आम्ही घराजवळच्या सहकारी बँकेत ठेवली होती. अर्धा-पाऊण टक्का व्याज जास्त, शाखा चालत जाण्याइतकी जवळ, आईला काउंटरवरची मुलगी नावानं ओळखायची, पासबुक भरून द्यायची. एका सकाळी शाखेबाहेर गर्दी दिसली. काचेवर कागद चिकटवला होता. आई आत जाऊन त्या मुलीला विचारायला लागली तर ती मुलगी रडत होती, तिचा स्वतःचा पगार आणि लग्नासाठी साठवलेले पैसे त्याच बँकेत होते.

पुढे ठेव विम्याचे ५ लाख मिळाले. वरच्या रकमेसाठी अजून थांबलो आहोत. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मी माझ्या पगारातून केलं. तिला ते फार लागलं. ज्या बाईनं आयुष्यात कुणाकडे हात पसरला नाही, तिला स्वतःचे पैसे बँकेत असताना मुलीकडून घ्यावे लागले.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात घ्या. आमच्या सोसायटीचा दुरुस्ती निधीही तिथेच होता. सहकार कायद्याच्या कलम ७० मुळे सोसायट्यांना पैसा ठरावीक ठिकाणीच गुंतवता येतो, म्हणून बहुतेकांचे पैसे सहकारी बँकांतच असतात. पण विम्यासाठी सोसायटी म्हणजे एकच ठेवीदार. सत्तर बिऱ्हाडांची असली तरी ५ लाखच.

खटखट, तुमच्या बहिणीवर रागावू नका. ती काळजीपोटी बोलते आहे.

खटखट

अबोलीताई, आईंना नमस्कार सांगा. बहिणीवर राग नाहीच. तुमचा प्रतिसाद तिला पाठवला आहे.

५ लाखांचं गणित कुणी नीट समजावेल का? वडिलांच्या नावावर ठेवी आहेत, आईच्या नावावर थोड्या, एक दोघांच्या नावावर. कारखाना माझ्या मालकीचा, त्याचं चालू खातं आणि माझं बचत खातं तिथेच.

जुना_वसुलीवाला

पूर्वी हा विमा १ लाखाचा होता, १९९३ पासून. ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. २०२१च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ही रक्कम द्यायची तरतूद झाली. आधी बँक पूर्ण बुडून दिवाळखोरीत जाईपर्यंत वाट बघावी लागायची, रुपीचे लोक त्यात पोळले.

तुमचं असं: ५ लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही येतं. एकाच बँकेच्या सगळ्या शाखांतल्या एका माणसाच्या ठेवी एकत्र धरतात, म्हणून दोन शाखांत वाटून काही मिळत नाही. वडिलांच्या एकट्याच्या नावावरचं वेगळं, आईचं वेगळं, दोघांच्या संयुक्त नावाचं वेगळं. तुमचा कारखाना एकट्याच्या मालकीचा असेल तर त्याचं चालू खातं आणि तुमचं बचत खातं एकत्र मोजतात. भागीदारी असती तर वेगळं झालं असतं. आणि तुमचं तिथे कर्ज आहे, तेव्हा बँक आधी आपलं येणं वळतं करून घेऊ शकते.

हप्ते बँक भरते, तुम्हाला काही भरावं लागत नाही.

पिठलंभाकरी

मग माझ्या काकांच्या पतसंस्थेतल्या ठेवीलाही ५ लाखांचं संरक्षण आहे ना? तिथे तर साडेदहा टक्के देतात.

जुना_वसुलीवाला

नाही! कृपा करून काकांना आजच सांगा. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो आणि हा ठेव विमा तिला लागू नाही. मल्टीस्टेट सोसायट्यांचंही तेच. पाटीवर 'मल्टीस्टेट' मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि लोकांना वाटतं ही बँकेहून मोठी काहीतरी. चांगल्या पतसंस्था आहेत, मी स्वतः एकीचा सभासद आहे, पण तिथे जोखीम तुमची.

पिठलंभाकरी

काकांना फोन केला. ते म्हणाले, "अरे, पण पिग्मीवाला रोज घरी येतो." आता पिग्मीवाल्याला काय उत्तर देऊ? आमच्या गल्लीत कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या पोराला नोकरी लागली हे पेपराआधी त्याच्याकडून कळतं. त्याला बंद केलं तर घराचा बातम्यांचा स्रोतच आटेल.

कालीनदी

पिग्मीचा विषय निघाला म्हणून. मी कारवारची. ही कल्पना आमच्या किनाऱ्यावरची, उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं १९२८ मध्ये सुरू केली. रोज दोन-चार आणे घरी येऊन गोळा करायचे. भाजीवाली, मासेवाली, हमाल, ज्यांच्या हातात रोज थोडे पैसे येतात आणि संध्याकाळपर्यंत संपतात, त्यांना बँकेपर्यंत आणणारी ही पहिली वाट. व्याज कमीच असतं आणि मुदतीआधी मोडली तर कापतात, तेव्हा गुंतवणूक म्हणून तिच्याकडे बघू नये. पण बाजारात बसणाऱ्या बाईला कर्ज हवं असेल तर वर्षभराची पिग्मी हाच तिचा पगाराचा दाखला असतो. एवढ्या कामाचा कागद तिला दुसरं कुणी देत नाही.

माणदेशी_पोरगी

कालीनदीताईंच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मी म्हसवडची. आमच्याकडची माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ला सुरू झाली, चेतना गाला सिन्हांच्या पुढाकारानं. पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेनं नाकारला होता, कारण प्रवर्तक बायकांपैकी बऱ्याच अंगठेबहाद्दर. मग बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. तिथे त्यांनी साहेबांनाच सांगितलं की मुद्दल सांगा, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमचे लोक कॅल्क्युलेटर घेऊन काढू देत. परवाना मिळाला. आमच्या भागात ही गोष्ट लहान पोरींनाही पाठ आहे.

माझ्या आजीनं शेळ्यांसाठी कर्ज घेतलं होतं. मोठ्या बँकेत तिनं पाऊलसुद्धा टाकलं नसतं, तिथल्या काचेच्या दाराची तिला भीती वाटायची. आमचा भाग दुष्काळी. पाऊस गेला की हप्ता चुकणार, हे माणदेशातल्या बाईला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आजीचं कर्ज फिटलं, मग दुसरं घेतलं, मग आईनं त्यातून शिलाई यंत्र घेतलं. स्थानिक बँकेचा फायदा काय, या प्रश्नाला माझ्याकडे हे उत्तर आहे.

चौपाटी_भेळ

वरचा प्रतिसाद वाचून माझा एका शब्दाचा प्रतिसाद मलाच आखूड वाटतो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. ठेवीदार म्हणून मी घाबरतो, कर्जदार म्हणून ही मंडळी खूष आहेत. दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत. मग माझ्यासारख्या नुसत्या ठेवीदारानं कशासाठी जायचं? पाऊण टक्क्यासाठी?

बर्फातला_कोकणी

मी मिनेसोटात असतो. इथेही हाच प्रकार 'क्रेडिट युनियन' नावानं चालतो. सभासदांच्या मालकीच्या, एका सभासदाला एक मत. माझं घराचं कर्ज तिथलंच आहे. फरक एवढाच की इथे सरकारी विमा अडीच लाख डॉलरचा आहे, त्यामुळे साध्या माणसाला झोप लागते. आपल्याकडे ५ लाख म्हणजे निवृत्त माणसाच्या पुंजीचा एक तुकडा. ती मर्यादा वाढायला हवी असं मला मनापासून वाटतं.

गणिती

चौपाटी_भेळ यांनी नेमकं बोट ठेवलं. त्यात आणखी एक गोम आहे. सहकारी बँकेत पैसा आणतो ठेवीदार, पण मत असतं सभासदाला. नुसता ठेवीदार सभासद नसतो. कर्ज घेणाऱ्याला मात्र शेअर्स घ्यावे लागतात, म्हणून तो सभासद होतो. म्हणजे संचालक निवडून देणाऱ्यांत कर्जदारांचा भरणा आणि ज्यांचा पैसा आहे ते सभेच्या दाराबाहेर. माझ्या मते निम्मे घोटाळे या रचनेतून येतात.

जुना_वसुलीवाला

गणिती, हे अगदी खरं. म्हणूनच माझं सगळ्या ठेवीदारांना सांगणं आहे की थोडे शेअर्स घ्या आणि सभासद व्हा. नाममात्र सभासद नको, त्याला मत नसतं, नियमित सभासद व्हा. एक सभासद, एक मत, शेअर्स दहा असोत की दहा हजार. फक्त शेअर्सना विमा नाही हे ध्यानात ठेवून थोडेच घ्या. नागरी बँकांची ही चळवळ अशाच लोकांनी उभी केली. कॉसमॉस आणि शामराव विठ्ठल १९०६च्या, सारस्वत १९१८ची. आज सारस्वत एवढी मोठी आहे की न्यू इंडियाला २०२५ मध्ये तिनंच पोटात घेतलं आणि ठेवीदार सुटले. कॉसमॉसवर २०१८ मध्ये सायबर हल्ला झाला, ९४ कोटी गेले, तरी बँक उभी राहिली. सगळ्या एका मापानं मोजू नका.

आता "कळणार कसं" याचं उत्तर. वार्षिक अहवाल मागा. सभासदाला तो मिळतोच. संचालकांचे फोटो आणि लाभांशाची पानं उलटून मागे जा. दोन आकडे बघा. भांडवल पर्याप्तता (कर्जांच्या जोखमीच्या मानानं बँकेचं स्वतःचं भांडवल): १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या लहान बँकेला किमान ९ टक्के, मोठ्या बँकांना १२. निव्वळ एनपीए (तरतूद वजा जाता उरलेलं थकीत कर्ज): ३ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, ६च्या वर गेला तर मी माझ्या ठेवी हलवीन. आणि हे आकडे तीन-चार वर्षांचे शेजारी शेजारी मांडून बघा. एका वर्षाचा आकडा रंगवता येतो, चार वर्षांचा रंगवणं अवघड जातं.

पिठलंभाकरी

आमच्याकडे वार्षिक सभेला स्टीलचा डबा मिळतो. डबा घेतला की सभा संपते, "मंजूर, मंजूर" एवढं ऐकू येतं आणि सगळे जिलेबीच्या रांगेत. यंदा अहवाल मागतो. डबा सोडणार नाही.

सातारी_कंदी

डबा घ्या की, पण प्रश्न विचारून घ्या!

मांडवी

पणजीहून. आमच्या वडिलांनी सभेत एकदा थकबाकीच्या यादीवर प्रश्न विचारला होता. अध्यक्षांनी "नंतर कार्यालयात या" म्हणून गुंडाळलं. वडील कार्यालयात गेले नाहीत, पुढच्या वर्षी तोच प्रश्न लेखी दिला आणि सोबत इतर पंधरावीस सभासदांच्या सह्या नेल्या. तेव्हा उत्तर मिळालं, इतिवृत्तातही आलं. एकट्यानं उठून बोलू नये, सोबत माणसं न्यावीत.

अबोली

हे आम्हाला आधी कुणी सांगितलं असतं तर! आमच्या बँकेचा अहवाल दरवर्षी पोस्टानं यायचा आणि रद्दीत जायचा.

खटखट

बहिणीशी आणि वडिलांशी काल रात्री बोललो. ठरलं ते असं: कर्ज आणि सीसी गावच्याच बँकेत राहील, व्यवहार सगळे तिथूनच. वडिलांच्या एकट्याच्या नावावर व्याज धरून साडेचार लाखांपर्यंत ठेवायचं, आईचं तसंच, वरचं मुदत संपेल तसं राष्ट्रीयीकृत बँकेत. बहीण राजी आहे. वडील थोडे नाराज आहेत. त्यांना वाटतं आपण अडचणीच्या वेळी साथ देणाऱ्याला पाठ दाखवतो आहोत. पण वसुलीवाले काकांचा आणि अबोलीताईंचा प्रतिसाद वाचून दाखवल्यावर म्हणाले, "मग नुसतं पैसे ठेवून काय उपयोग, सभेला जायला पाहिजे."

कर्ज घेतल्यापासून मी सभासद आहेच, पण सभेला कधी गेलो नाही. यंदा दोघे जाणार. सभा ३० सप्टेंबरच्या आत असते ना? आणि लेखी प्रश्न कोणता द्यावा? माझ्या ओळखीचे आठ-दहा मागवाले सह्या करतील.

जुना_वसुलीवाला

हो, सप्टेंबरअखेरच्या आत. नोटीस आली की लगेच लेखी प्रश्न द्या आणि पोच घ्या. एकच विचारायचा असेल तर हा विचारा: सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाच्या किती टक्के रक्कम आहे आणि गेल्या तीन वर्षांत हा आकडा कसा बदलला? अहवालाच्या टिपांमध्ये तो असतो, पण सभेत मोठ्यानं वाचून घ्या. तो वाढत चालला असेल तर तुमच्या मागवाल्यांचा पैसा कुण्या दोघा-तिघांच्या दारात जातो आहे.

खटखट

लिहून घेतलं. सह्यांचा कागद उद्या सायझिंगवर (सुताला खळ लावतात त्या कारखान्यावर) नेतो, तिथे सगळे भेटतात.